मिठाच्या तळ्यातली सहज भेट

शार्दूलचा मुलगी बघायचा कार्यक्रम वाळवंटात ठरला होता, आणि हा कार्यक्रम आहे हे तिथे कोणालाही कळू द्यायचं नव्हतं.

"हल्लीच्या मुलींना चहाचा ट्रे घेऊन यायला आवडत नाही," आई नाशिकहून फोनवर म्हणाली. "सहज भेट व्हायला हवी. दुबईतल्या करामाचे सदानंदकाका ट्रेक नेतात ना, त्यात ती येतेय. तिला वाटलं पाहिजे की तू नुसता चालायला आलायस."

"आणि ती कशाला येतेय?"

"चालायला. तिच्या आईनंही तिला हेच बजावलंय."

"नाव तरी सांग."

"मुळीच नाही. मागच्या वेळी नाव सांगितलं तर तू इन्स्टावर जाऊन दोन मिनिटांत नापास केलीस. मांजराच्या फोटोवरून."

"आई, त्या मांजरानं टाय घातला होता."

"संध्याकाळी मला फक्त हो की नाही सांग. नाव मग सांगते."

शनिवारी पहाटे शार्दूलनं गुळगुळीत दाढी केली आणि अबुधाबीच्या वेशीवरच्या पेट्रोल पंपाशी उभा राहिला. काकांची गाडी आली. पुढच्या सीटवर पाण्याची भलीमोठी बाटली होती आणि तिला बेल्ट लावलेला होता. माणसं सगळी मागे. त्यातल्या तन्मय नावाच्या मुलानं सरकून जागा दिली. पलीकडे मुली बसल्या होत्या. शार्दूलनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. दोन होत्या.

आईनं एक सांगितली होती.

काकांना विचारायची सोय नव्हती. ते आरशातून सगळ्यांकडे बघून असे हसत होते, की त्यांना सगळं ठाऊक असावं किंवा काहीच ठाऊक नसावं.

"यल्ला, चला!" गाडी थांबताच काका ओरडले आणि टेकडी चढायला लागले. त्यांचा बेत असा, की वाळूच्या दोन-तीन टेकड्या ओलांडायच्या, पलीकडच्या खाऱ्या तळ्यात डुंबायचं आणि वळसा घालून गाडीशी यायचं. शार्दूलनं मनाशी ठरवलं, दोघींबरोबर सारखंच चालायचं. कोणावर अन्याय नको.

आधी तो ईशानीबरोबर चालला. ती शारजात, रोल्लाजवळच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. तिनं त्याला पुढे चालायला सांगितलं, मग मागे फिरायला सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुझा उजवा गुडघा आत जातो." पसंती की नापसंती, काही कळेना. त्यानं थँक्यू म्हटलं.

मग ओवी. ती दुबईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होती आणि काळी छत्री उघडून वाळू तुडवत होती.

"वाळवंटात सगळ्यात जास्त काय मिस होतं, सांग?" तिनं विचारलं.

"पाणी?"

"कोपरे. एवढी जागा, पण एक कोपरा नाही. माणसानं रुसून बसायचं कुठे?"

शार्दूल थांबला. अबुधाबीत आल्यापासून हेच त्याला खुपत होतं, पण शब्द सापडत नव्हते. "म्हणून इथल्या उंटांचे चेहरे तसे असतात," तो म्हणाला.

"एक्झॅक्टली! रुसलेत, पण जागा नाही."

पुढची टेकडी त्यांनी उंटांच्या अडचणींवर बोलत ओलांडली. खाली उतरेपर्यंत शार्दूलला ओवी पसंत पडली होती. फक्त ती आपली आहे की नाही, एवढंच माहीत नव्हतं. हो म्हणावं, तर ईशानीला हो म्हटल्यासारखं व्हायचं. नाही म्हणावं, तर न जाणो, नेमकी ओवीच हातची जायची.

तळं हिरवंनिळं होतं आणि काठावर मिठाचा पांढरा थर पायाखाली कुरकुरत होता. काका आधीच पाण्यावर उताणे पडून दशमी खात होते. "या, या! बुडायचा प्रश्नच नाही. मी दर वेळी प्रयत्न करून बघतो."

चौघं एकदमच शिरले. शार्दूलनं मजेत ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि किंचाळला. बाजूला तन्मयही किंचाळला. मागोमाग ईशानी आणि ओवी. सगळे जण कोणी काठाकडे, कोणी खोलात, दिसेल तिकडे पळाले. काका पोटावर दशमी सांभाळत नुसते तरंगत राहिले.

पहिल्यांदा ओवीच्या लक्षात आलं. तिनं शार्दूलच्या लालबुंद गालांकडे पाहिलं. "तू आज दाढी केलीस? सुट्टीच्या दिवशी? ट्रेकला?"

"सवय असते."

"आणि तू?" तिनं तन्मयला विचारलं.

"सेम," तन्मय मान वळवून म्हणाला.

"मग तू का ओरडलीस?" शार्दूलनं विचारलं.

ओवीनं ईशानीकडे पाहिलं. ईशानी म्हणाली, "मी काल वॅक्सिंग केलं."

"मी पण," ओवी म्हणाली.

चौघांनीही काकांकडे पाहिलं.

"काका, कोणाचं स्थळ कोण?" शार्दूलनं सरळ विचारलं.

काकांनी घास गिळला. "दोन स्थळांचे फोन एकाच दिवशी आले रे. कोणाला म्हणून सांगू नका, अशी दोन्हीकडून शपथ घातली. मी ती इतकी मनावर घेतली, की आता मलाही आठवत नाही."

"काका!"

"मला वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल."

बाहेर आल्यावर काकांनी पाठीवरून वाहून आणलेली ती बाटली उघडून एकेकाच्या डोक्यावर पाणी ओतलं. तरीही अंगावरचं मीठ वाळून चौघं पापडासारखे दिसत होते. शार्दूलला संध्याकाळपर्यंत थांबवेना. त्यानं आईला फोन लावला.

"आई, नाव सांग."

"आधी हो की नाही?"

"कोणाला ते कळल्याशिवाय कसं सांगू?"

"सकाळपासून हिंडलास ना तिच्याबरोबर?"

"दोघींबरोबर."

"दोघी कुठून आल्या?"

ओवीनं फोन त्याच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. "नमस्कार काकू, मी ओवी. मी तुमची का?"

आई फार मायेनं म्हणाली, "नाही गं बाळा. आमची ईशानी."

ईशानीनं शार्दूलकडे पाहिलं, मग तन्मयकडे. तन्मय मिठात बोटानं रेघोट्या ओढत बसला होता.

"आई, ईशानीला नाही," शार्दूल फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला. "चांगली आहे, पण नाही. ओवीला हो."

"अरे, तिचं स्थळ आपल्याकडे आलेलंच नाही! न आलेल्या स्थळाला हो कसं कळवू? कळवू तरी कोणाला?"

"मला कळवा," ओवी म्हणाली. "पण आत्ता नको. आधी मला माझ्या घरी बोलू द्या." तिनं त्याचा फोन त्याला दिला आणि स्वतःचा काढून घरी लावला, तोही स्पीकरवर. "आई, तू सांगितलेला मुलगा नाही म्हणजे नाही. दुसरा एक आहे."

"दुसरा? तो तर आपण बोलावलाच नव्हता. तो तिथे काय करतोय?"

ओवीनं शार्दूलकडे पाहिलं. "तू इथे काय करतोयस?"

शार्दूलनं मनापासून विचार केला. सकाळी हे त्याला नक्की माहीत होतं.

"पोहतोय," तो म्हणाला.

ओवीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो पाण्यापासून चांगला वीस पावलं लांब, कोरड्या वाळूत उभा होता.

"पोहतोय म्हणतोय," तिनं आईला सांगितलं. "मला आवडलाय."