भागीने बुजवलेला डोळा

मी एक जुना तुआतारा आहे. खरा नव्हे, कागदाच्या लगद्याचा. माझे खरे भाऊबंद दूर न्यूझीलंडच्या ओसाड बेटांवर राहतात. दिसतात सरड्यासारखे, पण सरडे नव्हेत. आमचं घराणं डायनासोरांच्या वेळचं. बाकीचे नातेवाईक केव्हाच संपले. मी मात्र चिंचणीच्या एका शाळेत कपाटावर बसून आहे.

मित्रांनो, मला घडवलं विज्ञानाच्या दमयंतीबाईंनी. त्यांनी रद्दी भिजवली, कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथ्या वाटून घातल्या आणि माझ्या डोक्यावर एक खळगा ठेवला. आमच्या जातीला तिथे तिसरा डोळा असतो. मुलं मला खुशाल घोरपड म्हणत. मी मनाला लावून घेतलं नाही. आमचं रक्तच थंड.

शाळेत झाडलोट करायला डोंगरपाड्यावरून भागी यायची, रोजंदारीवर. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिला तो खळगा दिसला. तिच्या घरी पाहुणे यायचे असले की कुडाच्या भिंतीची भोकं शेणमातीने लिंपायची रीत. तिने मलाही लिंपलं, आणि वर नखाने खवले काढले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिसरा डोळा कुठे म्हणून विचारलं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. हा उद्योग कोणाचा, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"मीच बुजवला, सर," भागी दारातून म्हणाली. "पावन्यांसमोर डोक्याला भोक बरा नाय दिसत."

उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी सुनावलं. भागीने केरसुणी भिंतीला टेकवली.

दमयंतीबाई तोवर पुस्तकातलं पान शोधत होत्या. वाचता वाचता त्या थबकल्या. मग परीक्षकांसमोरच म्हणाल्या, "सर, तो डोळा फक्त पिल्लाचा दिसतो. पुढे त्यावर खवले येतात. मी मोठ्या प्राण्याला उघडा डोळा ठेवला. चूक माझी होती, भागीने ती दुरुस्त केली."

बक्षीस दुसऱ्याच वर्गाला गेलं. भागी मात्र दुसऱ्या दिवशी कामावर आली. थंड रक्ताच्या प्राण्याला वाटावं तेवढं बरं मला वाटलं.

आता त्या दोघीही शाळेत नाहीत. माझी शेपूट तुटली, रंग उडाला, लिंपलेली जागा तेवढी शाबूत आहे. परवा नवे सर मला रंगवायला निघाले. आधी डोक्यावरचं शेण खरवडू, म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचं ठिगळ काढण्याआधी ते कोणाच्या हातचं आहे, एवढं विचारत जा. आणि माझ्याबद्दल सरांनी विचारलं, तर भागीचं नाव सांगा.