नाक्यावर आठवी गाडी

विजयश्रीने दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले. मोकळे सोडले की ते माउसकडे जातात, हे तिला ठाऊक होतं.

"ट्रकवर क्लिक करा, दौलतराव. हळू. दार ठोठावल्यासारखं नको."

दौलतरावांनी श्वास रोखून क्लिक केलं. खेळ लढाईचा होता, पण त्यातली मोहीम ज्याची त्याने रचायची. ट्रक कुठून निघणार, कुठे वळणार, शत्रू कुठे उभा राहणार, सगळं एडिटरमधल्या नकाशावर ठिपके मांडून सांगायचं. विजयश्री हे परक्या लोकांचे व्हिडिओ थांबवून थांबवून शिकली होती. आता दर रविवारी संत तुकाराम नगरातल्या आपल्या पुढच्या खोलीत ती नवख्यांना शिकवायची. नियम एकच, शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही.

दौलतराव दिघीहून यायचे ते त्या नियमासाठीच. तीस वर्षं चाकणला ट्रेलर चालवून ते घरी बसले होते. खेळ दाखवला मुलाने, दिग्विजयने. शिकवायलाही बसला, आणि "अण्णा, सरका जरा," म्हणत पहिल्याच संध्याकाळी सगळी मोहीम स्वतःच रचून मोकळा झाला. आज अकरा वाजता तो रावेतच्या घरून वडिलांनी केलेली मोहीम खेळणार होता. पावणेअकरा झाले होते.

"चालवून बघू," विजयश्री म्हणाली.

आठ ट्रक निघाले, शत्रूच्या नाक्याशी पोचले आणि ओळीने उभे राहिले. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

"हे का थांबले?"

"नंबर लागलाय."

"दौलतराव, तो शत्रूचा नाका आहे."

"व्हय. पण गेट हाय ना? गाडीमागं दोन मिन्टं टाकलीत. कागद बघणार, मग सोडणार. खेळणाऱ्याची गाडी आठवी."

"म्हणजे माणसाने चौदा मिनिटं नुसतं बसायचं?"

"कंपनीच्या गेटाभाईर मी दीड-दीड दिवस बसलोय, ताई. आतून बोलावल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

विजयश्रीला हसू आलं, मग घड्याळ दिसलं.

"अहो, खेळणारा कंटाळून बंद करेल. थांबायची वेळ काढून टाका. एकच तर आकडा आहे."

"न्हाई." त्यांनी माउसवरचा पंजा उचलला नाही. "सगळं आपल्या हातानं केलंय, तर ते बी माझंच ऱ्हाऊ द्या."

तिचा उजवा हात मांडीखालून निघाला. टेबलापर्यंत गेला. तिथली रिकामी कपबशी उचलून ती उठली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा स्पीकरमधून दिग्विजयचा आवाज येत होता. त्याचा ट्रक पडद्यावर सुसाट आला आणि रांगेमागे करकचून थांबला.

"अण्णा, तुमच्या गाड्या अडकल्यात. काहीतरी चुकलंय."

"चुकलं न्हाई. रांग हाय."

"बाजूने काढू का? बंदूक आहे माझ्याकडे."

दौलतराव विजयश्रीकडे वळले. ती कपातल्या सायीकडे बघत राहिली.

"काढ की," ते माइकमध्ये म्हणाले. "गाडी तुझी हाय."

दिग्विजयने ट्रकचं तोंड वळवलं. नाक्यावरचा शिपाई तिकडे फिरला. ट्रक तसाच तिरका उभा राहिला, मग हळूच मागे येऊन पुन्हा ओळीत लागला.

पहिली गाडी सुटली. बऱ्याच वेळाने दुसरी.

"अण्णा."

"हां."

"जेवायचात कुठे?"

दौलतरावांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"टायरच्या सावलीला."

पलीकडे दिग्विजयने इंजिन बंद केलं. पुढे अजून पाच गाड्या होत्या.