शांत खोली

पालकसभेत वर्गबाई म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली. मुलांना अभ्यासाला शांत, स्वतंत्र खोली द्या." झालं! आमचं अख्खं घरच एका खोलीचं. पण आईने ते मनावर घेतलं.

परीक्षा देशभर एकाच दिवशी, पेपर सगळ्यांना सारखा. पास झालं की मोठ्या सरकारी शाळेत प्रवेश, राहायची सोय, पुढची वाट मोकळी. नाहीतर आईशेजारी बसून काजं-बटणं. काजं-बटणांशी माझं वैर नव्हतं, पण जन्मभर तेच करायचं नव्हतं.

तोवर माझा अभ्यास आईच्या शिलाई मशीनच्या पायाशी व्हायचा. आई पायडल मारता मारता म्हणायची, "हं, पुढे?" आणि मी मशीनच्या तालावर इतिहास घडाघडा म्हणायचे. बाबा रात्रपाळीचे पहारेकरी, दिवसा भिंतीकडे तोंड करून घोरत. मी अडखळले की घोरणं थांबे. "परत म्हण." उत्तर त्यांनाही ठाऊक नसे, पण अडखळणं बरोबर ऐकू येई. आणि धाकटी बहीण, जिला आम्ही भोंगा म्हणतो, ती माझीच उत्तरं पाठ करून मला वाकुल्या दाखवायची.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी मशीन जिन्याखाली गेलं. बाबा कामावरच्या चौकीतच झोपू लागले. भोंग्याची रवानगी मावशीकडे.

"आता तुला कुणाचा त्रास नाही बघ," आई म्हणाली. नवं घर बांधून दिल्यासारखी खूश होती ती. कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

पुस्तक उघडलं की खोली खायला उठायची. एकदा "हं, पुढे?" असं मीच मला विचारलं. स्वतःचा आवाज ऐकून रडूच फुटलं. पुस्तक घेऊन जिन्याखाली गेले, तर आईने मशीन थांबवलं. "इथे कुठे आलीस? वर जा. तुझ्यासाठीच तर बसलेय ना इथे?" तिथे गार वारा यायचा, म्हणून तिने पायांभोवती शिवणाचं कापड गुंडाळलं होतं. मी वर आले.

परीक्षेच्या हॉलमध्ये तर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आजूबाजूच्या मुली खाली मान घालून भराभर लिहीत होत्या. त्यांना ती शांतता सवयीची असावी. मला पहिली ओळ आठवायची आणि मी कुणीतरी "पुढे?" म्हणायची वाट बघत राहायचे.

थोडक्यात हुकलं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं, असं वर्गबाईंनी सांगितल्यावर आईला जरा धीर आला.

"चूक आमचीच," ती म्हणाली. "जिन्याखालून मशीनचा आवाज वर येत असणार."

"नाही गं आई! आवाज नव्हता म्हणूनच गेलं. मशीन आत आण. बाबांना घरी झोपू दे, भोंग्याला आण. तुम्ही सगळे असलात की मला येतं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला जवळ घेतलं. मला वाटलं, कळलं हिला.

"किती गं जीव लावतेस आम्हाला," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आमच्यापायी स्वतःचं नुकसान नको करूस. या वर्षी मशीन मावशीकडेच नेते."

ती उठली आणि मला अभ्यासाला बसवून बाहेर गेली. दार ओढून घेताना कडी वाजू नये म्हणून तिने ती हाताने धरली होती.