अब्बांच्या खांद्याचं माप

आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि मागाचं सासूबाईंकडे. अम्मी दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी चहाला उकळी फुटेपर्यंत बोलून मोकळी होते. पण जिथे खरंच तोंड उघडायला हवं होतं तिथे मी नेमकी मूग गिळून बसले, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला.

गावातल्या मशिदीच्या सतरंज्या आमच्याच मागावर विणल्या जातात. माझ्या सासऱ्यांनी, अब्बांनी, चाळीस वर्षं विणल्या. नमाजाच्या एका ओळीला एक लांब पट्टी, आणि पट्टीवर शेजारी शेजारी कमानी. ज्याने त्याने आपल्या कमानीत उभं राहायचं, की खांद्याला खांदा लागून ओळ सरळ. गेल्या वर्षी अब्बा गेले. जुन्या पट्ट्यांना तोवर भोकं पडली होती. मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली दारात येऊन म्हणाले, "भाभी, आता तुम्ही कशाला त्रास घेता? शहरात यंत्रावरचा गालिचा मिळतो. सकाळी मागवला की संध्याकाळी अंथरला."

"मी विणेन," अम्मी म्हणाल्या.

"बघा बुवा. नाही जमलं तर मात्र गालिचा. मग माग उचलून ठेवा आणि आराम करा."

आराम हा शब्द ऐकून अम्मींचा चेहरा पडला. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या अब्बांच्या शेजारी बसून काम करत आल्या होत्या. घरातली ती खटखट थांबली तर ही बाई दिवस कशाच्या आधारावर काढणार, हे मला समोर दिसत होतं. म्हणून मी स्वयंपाक, धुणं, भांडी सगळं अंगावर घेतलं आणि त्यांना मागावर मोकळं सोडलं.

मशिदीतल्या नमाजाच्या खोलीच्या लांबीची दोरी खुंटीला होतीच. पण एका कमानीची रुंदी किती, हे अब्बांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं आणि हातांबरोबर गेलं. अम्मींनी पेटीतून अब्बांचा पांढरा कुर्ता काढला, ताणलेल्या सुतावर पसरला आणि एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत खूण केली. "एक माणूस," त्या म्हणाल्या.

आता, अब्बा म्हणजे एक माणूस नव्हते. त्यांचा कुर्ता बेतायला घेतला की शिंपी आधी कापडाकडे बघायचा आणि मग आभाळाकडे. मी म्हणणारच होते, अम्मी, मशिदीतून जुनी पट्टी आणून मोजू या ना. पण त्या कुर्त्यावरून फिरणारा त्यांचा हात पाहिला आणि मी तशीच चुलीकडे वळले.

पाच महिन्यांत पाच पट्ट्या झाल्या. विणलेला भाग पुढच्या दांड्याला गुंडाळत जातो, त्यामुळे अख्खी पट्टी कधी डोळ्यांसमोर येतच नाही. दोरीइतकी लांबी भरली की कापायची, बास. कमानी मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी मशिदीत पट्ट्या अंथरल्या गेल्या. आम्ही बायका मागच्या खोलीत, पडद्याच्या फटीला डोळा लावून. लाल जमिनीवर पांढऱ्या कमानी अशा खुलून दिसत होत्या की मीच दहा जणींना सांगून टाकलं, "आमच्या घरच्या आहेत बरं का!"

पुरुष आले आणि नव्या सतरंजीचा मान राखून प्रत्येक जण आपापल्या कमानीच्या मधोमध उभा राहिला. दोघांमध्ये वीतभर जागा! इमामसाहेब वळून म्हणाले, "जवळ या, मध्ये फट ठेवू नका." सगळे सरकले. आता कोणाचा एक पाय या कमानीत, दुसरा पलीकडच्या. नीट उभं राहावं म्हणून पुन्हा मागे सरकले, पुन्हा फट. उशिरा आलेले पंधरा जण अंगणात उन्हात उभे. अब्बांसारखेच आडवे असलेले भट्टीवाले चाचा तेवढे कमानीत चपखल बसले होते आणि हलायला तयार नव्हते. "जन्मात पहिल्यांदा माझ्या मापाचं काही मिळालंय," ते म्हणाले. इमामसाहेबांनी डोळे वटारले तेव्हा कुठे अर्धं पाऊल सरकले.

बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. अम्मी हसत नव्हत्या. त्या बोटांवर मोजत होत्या.

नमाज झाल्यावर मुतवल्ली पडद्यापाशी आले. "भाभी, मेहनत दिसतेय, कोणी नाही म्हणणार नाही. पण एका ओळीत बारा कमानी लागतात, इथे नऊच आहेत. उद्या गालिच्याचं सांगून टाकतो."

 अम्मींनी नुसती होकारार्थी मान हलवली.  पाच महिने गप्प बसलेली माझी जीभ आता कुठे शुद्धीवर आली, आणि मी वळून आमच्याच खोलीकडे पाहिलं. आम्ही कशावर बसलो होतो? पुरुषांनी टाकून दिलेल्या फाटक्या पट्ट्यांवर. आणि बसलो होतो तरी कशा? एकीच्या मांडीवर तान्हं, दुसरीच्या पाठीला लोंबकळणारी मुलगी, तिसरीच्या ओढणीत गुरफटलेली जुळी.

"मुतवल्लीचाचा," मी पडद्यातूनच ओरडले, "त्या पट्ट्या इकडे द्या!"

"तिकडे?"

"भिंत एकच, लांबी तीच. आणि आमच्यातली एकटी उभी असते कोण? प्रत्येकीला दीड माणसाची जागा लागते. बरोबर आमच्या मापाच्या आहेत. तुमच्यासाठी अम्मी नव्या विणतील."

"आणि पुन्हा चुकलं तर?"

"चूक माझी आहे. जुनी पट्टी मोजा म्हणायला हवं होतं, मी बोलले नाही."

 "ही बोलली नाही?" पडद्यापलीकडून भट्टीवाले चाचा आश्चर्याने म्हणाले, आणि सगळी मशीद हसली. इमामसाहेबही हसले. "मुतवल्ली, बायकांची खोली इतकी वर्षं आपल्या कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. द्या त्या पट्ट्या. आणि नव्यांचं माप आत्ताच घेऊ या, म्हणजे वाद नको."

माप कोणाचं घ्यायचं यावर मात्र वाद झालाच. शेवटी मुतवल्ली स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले आणि अम्मींनी पडद्याबाहेर येऊन त्यांच्या खांद्यांना दोरी लावली. खांद्यांचं माप देताना या गृहस्थांनी पोट का आत ओढलं होतं, ते तेच जाणोत. अम्मींनी दोरीला गाठ मारली आणि ती बोटाला गुंडाळून घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

उन्हं कलल्यावरच्या नमाजापर्यंत पट्ट्या आमच्या खोलीत आल्या. बायका आपापली पोरं घेऊन कमानींत उभ्या राहिल्या. अम्मी पहिल्या कमानीत होत्या, पण मधोमध नाही, उजव्या कडेला अंग चोरून.

"अम्मी, मध्ये सरका ना," मी कुजबुजले.

"राहू दे. घरी नमाजाला आयुष्यभर त्यांच्या मागे उभी राहिले," त्या म्हणाल्या. "आज शेजारी."

मला रडू आलं. लपवलं नाही. मी अब्बांना फार चिडवायचे, आणि त्या क्षणी ते मला इतके हवे होते की काय सांगू.

तेवढ्यात भट्टीवाल्यांची दोन वर्षांची नात लुटुलुटु चालत आली आणि त्या मोकळ्या जागेत फतकल मारून बसली. मी तिला उचलायला वाकले, तर अम्मींनी माझा हात धरला.

"बसू दे गं. त्यांनी तरी कधी कुठल्या पोराला उठवलं होतं?"