स्वच्छ पाण्याची पेटी

"रजेवर जातेस तर खुशाल जा, पण कॅमेरा बरोबर घेऊन जा," असं थोरलीने तिला बजावलं होतं. थोरली म्हणजे कंपनीत तिच्याआधी पाण्यात उतरणारी एकुलती एक बाई. कान दगा देऊ लागला म्हणून घरी बसलेली, पण जिभेची धार तशीच. "एकदा का तो दुसऱ्याच्या कपाटात गेला, की परत मागताना तुलाच तोंड वेंगाडावं लागेल."

तेव्हा तिला आठवा महिना होता. स्वतःच्या चपला स्वतःला दिसत नव्हत्या, तिथे पुढचं काय दिसणार. "ताई, कंपनीचाच तर आहे. कोण खातंय त्याला?" असं हसत म्हणून तिने कॅमेरा, पाण्यात त्याला सांभाळणारं जाड कवच, म्हणजे हाउसिंग, आणि दोन्ही दिवे ऑफिसच्या कपाटात ठेवले, किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली आणि बाळंतपणाला निघून गेली.

कंपनी छोटीच. धरणं, पूल, बंदराचे धक्के यांचं पाण्याखालचं अंग तपासायचं, फोटो काढायचे आणि कुठे तडा गेलाय, कुठे गंज चढलाय ते मालकांना दाखवायचं, एवढं काम. साहेब वर उभे राहून हुकूम सोडायचे, दोरीवाला खाली गेलेल्याची दोरी धरायचा आणि खाली जायचे ते दोघं: ती आणि हिरो. हिरोचं खरं नाव कुणी घेत नसे. डोळ्यावरचा काळा चष्मा पाण्यात उतरेपर्यंत न काढणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

लेकीला सासूबाईंच्या कडेवर देऊन ती पहिल्या दिवशी ऑफिसात आली, तेव्हा साहेबांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं.

"हे तुझं. खिडकी आहे, पंखा आहे. आलेले फोटो बघायचे, नीट लावून ठेवायचे. पाच वाजता घरी."

"आणि कॅमेरा?"

साहेबांनी हिरोकडे पाहिलं, हिरोने पंख्याकडे.

"तो बुडाला," हिरो म्हणाला.

"बुडवायलाच तर असतो तो. आत पाणी गेलं का?"

"एक केस आला होता गं मध्ये. ओ-रिंगवर."

झाकणाच्या खाचेत एक रबरी कडी बसते, ती ओ-रिंग. तिच्यावर वाळूचा कण, धागा, केस, काहीही राहिलं की पाणी वाट काढतंच. झाकण लावताना ती डोक्याला फडकं बांधायची, बोलणं बंद करायची, कडीवरून बोट फिरवून एकदा बघायची, मग दिव्याखाली परत बघायची. हिरो तिला म्हणायचा, "तू काय कॅमेऱ्याची मुंज लावतेयस का?" आता तोच पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"मग आता काय वापरता?"

साहेबांनी नवं कपाट उघडलं. आत एक धूड होतं. मोठा कॅमेरा, दूरचं जवळ आणणारी लांबलचक लेन्स, आणि लेन्सच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून बसवलेले दिवे, ट्रकच्या हेडलाइटसारखे. बरोबरच्या पुस्तिकेवर निळंशार पाणी आणि नारिंगी मासे होते.

"काय वाटतं?" साहेब लेकाचं लग्न ठरल्यासारखे हसत होते.

"माशांसाठी छान आहे," ती म्हणाली. "आपल्या धरणात मासा समोर आला तर नाकाला लागेपर्यंत कळत नाही."

साहेबांना ते आवडलं नाही. पण टेबलावर येणाऱ्या फोटोंना साहेबांच्या आवडीनिवडीशी देणंघेणं नव्हतं. एकामागून एक फोटो उघडावा तर चहात दूध ओतल्याबरोबर दिसतं तसं काहीतरी, त्यात हजारो पांढरे ठिपके. भिंतीचा पत्ता नाही. आणि या वेळचं काम भिंतीचंच होतं. धरणाच्या दाराशेजारी एक तडा होता. धरण भरायला सुरुवात होण्याआधी तो वाढलाय की नाही हे तिथल्या इंजिनियरबाईंना बघायचं होतं. वाढला असेल तर आत्ताच बुजवायचा, कारण एकदा पाणी चढलं की तिथे कुणाचा हात पोचणार नाही.

"उजेड कमी पडतोय," साहेब म्हणाले. "अजून मोठे दिवे मागवतो."

"उजेड जास्त होतोय साहेब. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर काय दिसतं? धुकंच दिसतं. गाळाचा कण न् कण उजळतोय. दिवे लांब बाजूला न्यायला हवेत, आणि कॅमेरा भिंतीला टेकवायला हवा. लांबची लेन्स म्हणजे मधे गाळाचं पोतं ठेवून फोटो काढणं."

"टेकवल्यावर फोटो येतो का कधी?"

"मी जाऊन दाखवते. डॉक्टरांनी मला पाण्यात जायला हरकत नाही असं सांगितलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. प्रेमळ बोलायचं असलं की ते चष्मा पुसत. "हे बघ, तू आता लेकुरवाळी. तुझा चेहरा बघतो ना मी, दर तासाला घरी फोन करतेस. पाण्यात असं चालत नाही. पुढच्या महिन्यापासून तुला कायमची टेबलावरच घेतोय. पगार तोच. बायकांना तर बरंच पडतं हे."

ती टेबलाशी येऊन बसली. रागाने तिच्या कानांत दडे बसले, खोल उतरताना बसतात तसे. साहेब एका बाबतीत खरं बोलले होते. ती घाबरायची. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना ते बघायची, मग पाठ फिरवून परत बघायची. दूध गळ्यात अडकेल, पलंगाची कड लागेल, मांजर येईल. त्या घरात मांजर नव्हतं तरी. पण भीती वाटते म्हणून तिने आजवर एकही काम सोडलं नव्हतं, आणि भीती न वाटणाऱ्या माणसाने कॅमेरा पाण्यात घालून मारला होता. महिना संपायला फार दिवस नव्हते. त्याआधी तिने त्या तड्याचा फोटो आणला नाही, तर या टेबलाच्या लाकडाला तिची पाळंमुळं फुटणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

घरी आल्यावर तिने माळ्यावरून स्वतःचा छोटा कॅमेरा काढला, कॉलेजात असताना घेतलेला. त्याची लेन्स रुंद होती, बोटभर अंतरावरचंही धरायची. हाउसिंग होतंच, दांड्यांवरचे दोन छोटे दिवेही होते. ओ-रिंग मात्र वाळून कडक झाली होती. ती फेकून तिने नवी बसवली, दोन बोटांत सिलिकॉनचं ग्रीस घेऊन तिला नुसती चमक येईल इतकंच लावलं. मग आत कॅमेऱ्याऐवजी कागदी रुमाल ठेवून झाकण लावलं आणि हाउसिंग बाळाच्या आंघोळीच्या टबात बुडवलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "लेकीच्या आधी आता याला न्हाऊ घालायचं का?"

"आई, रुमाल कोरडा निघाला तर पाणी आत जात नाही. ओला झाला तर रुमालच गेला, कॅमेरा नाही."

"मग त्यावर वजन ठेव की. तरंगतंय ते. आणि लेकीला आधी उचल, ती टबात उतरायच्या बेतात आहे."

रुमाल कोरडा निघाला. लेक टाळ्या वाजवत होती. कशासाठी ते तिलाच ठाऊक.

खरी मेख पुढेच होती. भिंतीला कॅमेरा टेकवला तरी मधल्या बोटभर गाळात तडा पुसट होणार, आणि अगदी चिकटवला तर एका वेळी वाटीएवढीच भिंत दिसणार. तिला हातभर भिंत हवी होती, म्हणजे हातभर अंतर हवं, म्हणजे हातभर गाळ. रात्रीचं जेवण वाढता वाढता ती हे नवऱ्याला सांगत होती. नवरा दुकानांच्या पाट्या बनवायचा. ऍक्रिलिकचे पारदर्शक पत्रे कापण्यात, चिकटवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मग मधलं पाणी आपलंच घेऊन जा," तो घास चघळत म्हणाला.

"म्हणजे?"

"एक पेटी. समोरून काच, मागून काच. आत नळाचं पाणी. काच भिंतीला लाव, मागे कॅमेरा लाव. मधे आपलं स्वच्छ पाणी, धरणाचं गाळपाणी बाहेर. खाली दाबाने फुटायचीही नाही, भरलेलीच असेल तर."

ती भाजीचा डाव हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. अशा पेट्या काही ठिकाणी वापरतात हे तिने वाचलं होतं, पण ते कुठल्याशा परदेशी बंदरातलं वाटलं होतं, स्वतःच्या स्वयंपाकघरात बनेल असं नव्हे.

"असं काय बघतेस? वाढ की," तो म्हणाला.

पेटी झाली. पुढून रुंद, मागे कॅमेऱ्याएवढी निमुळती. पहिल्यांदा भरली तेव्हा काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले, फोटोत नुसते मणी. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती नंतर बाहेर पडते. मग तिने बाळासाठी उकळून गार केलेलं पाणी हळूच, काठाकाठाने ओतलं. मणी गेले. सासूबाई रिकामं पातेलं बघून म्हणाल्या, "धरणालासुद्धा उकळलेलं पाजायला निघालीस," आणि दुसरं पातेलं चढवलं.

धरणावर ती सुटीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने गेली. साहेब तिथे होतेच, इंजिनियरबाई होत्या, हिरो नुकताच वर येऊन ओलाकच्च बसला होता आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर परत तोच चहा दिसत होता. ती गाडीच्या आडोशाला रबरी पोशाख घालून आली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तडा काढायला आलेय."

"मी नाही म्हटलं होतं."

"हो. का नाही म्हटलंत ते कळलं नाही. इथे सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे मी पोशाख काढून घरी जाते."

साहेबांनी चष्म्याला हात घातला. "तू घाबरतेस."

"घाबरते. म्हणून सगळं दोनदा तपासते. आत्ताच तपासलंय, दोरीवाल्यांनी बघितलंय. अजून काही?"

"लहान मूल आहे तुला."

"हिरोला दोन आहेत. त्याला कधी विचारलंत, घरी कोण बघतंय म्हणून?"

हिरो अचानक बुटाची नाडी सोडू लागला. बुटाला नाडी नव्हती. साहेबांनी इंजिनियरबाईंकडे बघितलं. बाई पाण्याकडे बघत होत्या, आणि त्यांना घाई होती हे त्यांच्या पायांवरून कळत होतं. साहेब आणखी कारण शोधत राहिले. ते सापडेना, तेव्हा म्हणाले, "वीस मिनिटं. दोरीला तीन हिसके आले की लगेच वर."

दोरीवाल्याने गाठ ओढून बघितली. तिने परत ओढून बघितली.

खाली डोळे उघडे असून काही उपयोग नव्हता. हात कोपरापासून पुढे दिसेनासा झाला. भीती आली, ठरल्या वेळी येते तशी. तिने भीतीला येऊ दिलं आणि श्वास मोजून सोडत भिंत चाचपली. शेवाळ, मग काँक्रीट, मग दाराच्या चौकटीचं लोखंड, त्याच्या डावीकडे बोटाला लागलेली खाच. तडा होता. तिने पेटी त्यावर दाबली.

आणि भिंत दिसली. अंधारात एकदम कुणी खिडकी उघडावी तशी. राखाडी काँक्रीट, त्यातली खडी, तड्याच्या काठाला बसलेली बोटाच्या नखाएवढी गोगलगाय. पहिल्या फोटोत दिव्याचा डोळा काचेवरच चमकला. तिने दिवे हातभर बाजूला नेऊन तिरपे केले. मग पेटी उचलायची, अर्धी पुढे सरकवायची, दाबायची, फोटो. तडा जिथे संपायला हवा होता तिथे संपत नव्हता. तिने तो दारामागे वळेपर्यंत सोडला नाही, आणि तिथे पोचली तेव्हा दोरीला हिसके आले.

वर पडद्यावर फोटो बघताना इंजिनियरबाई खाली वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. "हा एवढा गेलाय?" आणि फोन काढून त्यांनी तिथल्या तिथे माणसं बोलावली. हा बुजेपर्यंत धरण भरायला घेऊ नका, म्हणाल्या.

बाई गेल्यावर साहेब जवळ आले. ओल्या पेटीवरून त्यांनी मायेने हात फिरवला. "झकास. ही आता ऑफिसात आण. हिरोला शिकव कशी धरायची. तू टेबलावर बसून त्याला सांगशील, तो खाली..."

"पेटी माझ्या घरची आहे," ती म्हणाली.

"अगं, कंपनीच्या कामालाच ना?"

"कामाला येईल की. मी येईन तेव्हा येईल. हिरोला शिकवीन, आनंदाने शिकवीन, खाली नेऊन शिकवीन. टेबलावरून पोहायला शिकवता येत नाही, साहेब."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिने पेटीचं बूच काढलं आणि आतलं पाणी धरणाच्या कठड्यावरून शांतपणे ओतून दिलं. "तर पुढच्या वेळी इंजिनियरबाई विचारतील, पेटीवाली कुठे आहे. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी चष्मा काढला आणि न पुसताच परत घातला. दोरीवाला दोरी गुंडाळत होता, तो स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "सोमवारी पुलाचं काम आहे. दोघांच्या दोऱ्या काढू की एकाची?"

"दोघांच्या काढ," साहेब म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

सोमवारी ती पुलाखाली उतरली. त्याआधी सासूबाईंना फोन करून झाला होता, बाळ जेवलं होतं, झोपलं होतं, आणि श्वास चालू होता.

हे वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या ऑफिसात, कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात कुणीतरी नुकती रजेवरून परत आली असेल. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं असेल, आणि सगळे तिच्याशी फार गोड बोलत असतील. आज जाऊन तिला भेटा. बाळ कसं आहे ते विचारू नका, ते सगळेच विचारतात. तुला सध्या कोणतं काम देतात, असं विचारा, आणि ती सांगेपर्यंत तिथून हलू नका.