धुरपताची लेक

“आता हिले आपली म्हनू नोको, मनकर्णे. म्हनली का गेली.”

सासूचा, रुख्माबाईचा हा आवाज सात वर्षं मनकर्णाच्या कानात घर करून होता. सासू जाऊन दोन वर्षं झाली, पण आवाज काही गेला नाही. भाकर थापताना, निंदण करताना, पोरीच्या डोक्याला तेल लावताना तो मधेच उठायचा आणि तिच्या ओठांवर हात ठेवायचा.

सात वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी झुंजूमुंजू होत होतं. मनकर्णाची बारा दिवसांची पोर सुपात निजवलेली. घरामागच्या उकंड्यावर, शेणाकेराच्या ढिगावर, सासूनं ते सूप ठेवलं आणि मागं न बघता परत फिरली. ठरल्याप्रमाणे शेजारची धुरपता पलीकडून आली. “अवं माय, उकंड्यावर कोनाचं लेकरू पडलं वं?” असं मोठ्यानं म्हणाली, वाऱ्यापाण्यालाही ऐकू जावं असं. ओंजळभर कोंडा उकंड्यावर टाकून तिनं पोर विकत घेतली आणि मनकर्णाच्या पदरात दिली. “माही लेक हाय. तुह्याकडे सांभाळाले ठेवतो. दूध पाजजो तिले.”

त्याआधीची दोन लेकरं मनकर्णानं मातीत दिली होती. पहिलं आठ महिन्यांचं. दुसरं सव्वा वर्षाचं, बोट धरून अंगणापर्यंत चालायला लागलेलं. नाल्याकाठी दोघांचे दोन उंचवटे शेजारी शेजारी होते. दोघांनाही तिनं विहिरीवर चारचौघीत मिरवलं होतं. माहा वाघ, माहा राजा! सासू म्हणायची, मरण उंबऱ्याशी बसून ऐकत असते. आपलं म्हटलेलं उचलते, दुसऱ्याच्या वस्तूले हात लावत नाई. म्हणून पोरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत ती धुरपताची. मग लग्नाच्या मांडवात सूपभर कोंडा परत करायचा आणि लेक परत घ्यायची.

तशी पोर वाढली. नाव पडलं उकंडी. धुरपताला ती माय म्हणायची आणि जिच्या कुशीत निजायची तिला काकी.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये मनकर्णाचा नवरा रूपराव तिला शाळेत घालायला निघाला तेव्हा मनकर्णा दारात आडवी झाली.

“कागदावर बापाचं नाव लिहाच लागते?”

“लागते. आन उकंडी नाव नाई लिहाचं मले. जयवंता लिहितो.”

“कागदावरून समजलं तं?”

“कोनाले?”

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. रूपरावला समजलं. त्यानं टोपी नीट केली, म्हणाला, “कागदाले तोंड नसते वं. तो कोनाले सांगाले जात नाई.” मग पोरीचं बोट धरून तो गेला. त्या शनिवारी समुद्रपूरच्या बाजारातून त्यानं लाकडी चौकटीची पाटी आणली.

वर्ष कसं सरलं ते मनकर्णाला वावरातल्या कामांवरून सांगता आलं असतं. निंदण होतं तेव्हा पोरगी ‘ग’ला काना देत होती. कापसाची पहिली वेचणी निघाली तेव्हा ती बेरीज करत होती. तूर कापली तेव्हा धडा वाचत होती. वावरात जाता-येता मनकर्णा गवताचा भारा डोक्यावर घेऊन शाळेच्या खिडकीशी थबकायची. आत पोरगी उभी राहून वाचायची, बोटानं ओळ धरून, आवाज थोडाही न अडखळता. भाऱ्यातलं गवत मनकर्णाच्या मानेला टोचत राहायचं, पण पाय हलत नसत.

एवढं पोटात मावेना, तेव्हा ती विहिरीवर बोलायची. “धुरपताची पोरगी लय हुशार हाय बाप्पा. गुरुजी म्हनते, असं वाचनारं पोट्टं दहा वर्सात नाई पाह्यलं.”

“दुसऱ्याच्या लेकीची एवढी तारीफ करून राह्यली,” आनंदाबाई घागर बुडवत म्हणायची, “घरी आपल्या लेकराले दोन शब्द बोलत जा!”

बाया हसायच्या. ती लेक कोणाची ते साऱ्यांना ठाऊक होतं. मनकर्णाही हसायची, घागर उचलायची.

गावात पिठाची गिरणी आली होती, पण तुरीची डाळ घरच्याच जात्यावर व्हायची. माघ-फाल्गुनात मनकर्णा जात्याशी बसली की गळा आपोआप मोकळा व्हायचा. जे बोलायला बंदी ते गाण्यात यायचं. मात्र तिथंही तिनं पथ्य सोडलं नाही.

शाळेच्या वाटेवर ऊन्ह किती तापे
धुरपताची लेक डोई पाटीनं झाके

दारी आलं पाखरू, दाना गं वेचते
धुरपताची लेक पोथी गं वाचते

जात्याच्या घरघरीत तिला वाटायचं, आपण किती शहाण्या! कौतुकही झालं आणि दृष्टही दुसऱ्याच्या दारी गेली. समोर बसून पाटी पुसणारी पोर ते सारं कान देऊन ऐकत होती, हे तिच्या ध्यानी आलं नाही. मोठ्यांचा खेळ लहान लेकराला खेळ वाटत नाही, ते त्यालाच खरं धरून चालतं.

एक दिवस पोरीनं विचारलं, “काकी, मी धुरपतामायची, तं मी इथं काऊन राह्यतो?”

मनकर्णाचा हात खुंट्यावरच थांबला. “तिचं घर लहान हाय ना.”

“शाळेत पोट्टे म्हनते, तुले उकंड्यावर फेकलं होतं. ज्यानं फेकलं ते कोन होते?”

“कोनी नाई फेकलं.”

“मंग धुरपतामायनं काऊन उचललं?”

मनकर्णानं मूठभर तूर जात्याच्या तोंडात टाकली आणि गोल गोल फिरवत राहिली. दाणे फुटण्याच्या आवाजात प्रश्न बुडाला, असं तिला वाटलं.

एक मे रोजी निकाल. उन्हाच्या आत कार्यक्रम उरकावा म्हणून सकाळी सातलाच झेंडा लागला. शाळेपुढच्या चिंचेखाली मायबाप येऊन बसले. मनकर्णानं लग्नातलं हिरवं लुगडं काढून नेसलं होतं. धुरपता तिच्या बाजूलाच मांडी ठोकून बसली, तोंडात सुपारी. रूपराव मागं गडीमाणसांत उभा होता.

प्रभाकरराव गुरुजींची एक रीत होती. निकाल वाचला की ते गुळाची थाळी पुढे ठेवत. पहिल्या नंबराच्या लेकरानं आपल्या हातानं आधी मायच्या तोंडात गूळ घालायचा, मग साऱ्या वर्गाला वाटायचा. “लेकरू शिकते, पन उपाशी राहून दप्तर माय भरते,” असं ते म्हणत.

चष्मा पुसून त्यांनी कागद उलगडला. “इयत्ता पहिली. पहिला नंबर, जयवंता रूपराव.”

मनकर्णाच्या छातीत काहीतरी उधळलं. पुढच्या क्षणी तिनं ते दाबलं, पदर तोंडाशी धरला.

पोरगी उठली. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, लाल फिती. थाळीतला सर्वांत मोठा खडा निवडून तिनं उचलला आणि चिंचेकडे चालू लागली. दोघी बाया एकमेकींना खेटून बसलेल्या. पोर थेट आली, मनकर्णाच्या गुडघ्याला तिचा फ्रॉक घासून गेला आणि ती धुरपतासमोर थांबली.

“माय, आ कर.”

धुरपतानं ओठ मिटले. सात वर्षं हा खेळ तिनं हसतखेळत खेळला होता. गावभर “माही खरेदी” म्हणून पोरीला खांद्यावर फिरवली होती. आज तिचं हसू निघेना. ती हळूच म्हणाली, “मले नोको वं बाई. माहा उपास हाय आज.”

“उपासाले गूळ चालते धुरपताबाई!” मागून कुणी तरी ओरडलं.

“माह्या उपासाले नाई चालत,” धुरपता चिडून म्हणाली, आणि तिनं मनकर्णाच्या मांडीला कोपर ढोसलं. एकदा, दोनदा. मनकर्णा जमिनीकडे बघत होती. चिंचेची वाळली पानं तिच्या लुगड्यावर पडली होती, ती एकेक करून वेचत होती.

पोर उभी राहिली. उन्हानं गूळ पाघळायला लागला, बोटांना चिकटला. तिनं काकीकडे पाहिलं. काकी वर बघेना. मग ती वळली, आली तशी थाळीपाशी गेली, रडली नाही, काही नाही. हिशेबाचं उत्तर सांगावं तशा सुरात म्हणाली,

“गुरुजी, मले माय नाई. गूळ परत ठेवून देऊ?”

गुरुजींचा हात कागदावर तसाच राहिला.

मनकर्णाला नाल्याकाठचे दोन उंचवटे दिसले. पावसानं धुपून आता जमिनीला लागलेले. मरण याच गर्दीत कुठंतरी मांडी घालून बसलं असेल, कान टवकारून. सासूचा आवाज उठला. पण समोर थाळीवर ओणवलेला तो लहानसा हात दिसला, चिकट बोटांतून गूळ सोडवण्याची त्याची धडपड दिसली. सात वर्षं तिनं लेकरू जगवलं होतं, आणि ते जगलेलं लेकरू गावासमोर पोरकं उभं होतं.

ती उठली. धुरपतानं खालून हात दिला. गडीमाणसांतून रूपराव दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

“थांब वं, जयवंते!”

त्या नावानं तिनं पोरीला कधी हाक मारली नव्हती. पोर चमकून वळली. मनकर्णाचा आवाज चिरकत होता, तरी तो विहिरीपर्यंत, नाल्यापर्यंत, ज्यानं ऐकू नये त्याच्यापर्यंत जाईल एवढा मोठा होता.

“इकडे आन तो गूळ. धुरपताची नाईस तू, दुसऱ्या कोनाचीच नाईस. मी माय हाय तुही. माह्या पोटची हायेस. पैला नंबर जिचा आला ना, ते माही लेक हाय!”