चहाच्या आगगाडीचा चार्जर

मी एक जुना बॅटरी चार्जर आहे. उचलायला जड, दिसायला काळा आणि खरं सांगायचं तर स्वभावाने जरा मानी. मित्रांनो, माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे आहेत. भिंतीतली जहाल वीज मी घेतो आणि तिची बारा व्होल्टची गरीब वीज करून देतो. पुणतांब्याच्या गहिनीनाथ रेडिओवाल्याने मला स्वतःच्या हाताने घडवलं. त्याच्या दुकानात मी दहा वर्षं लाउडस्पीकरच्या नि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरल्या. पुढे नवा चार्जर आला आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

एकाहत्तर साली आसाराममामा दुकानात आले. पस्तीस वर्षं रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या बायकोचे, भागूबाईंचे, गुडघे धरले होते. चुलीपासून अंगणातल्या लिंबाच्या पारापर्यंतही त्यांना जाववत नसे. दर दसऱ्याला मामांचे गँगमधले सोबती सोनं द्यायला येत आणि पारावर बसून भागूबाईंच्या हातचा चहा पीत. गेली दोन वर्षं चहा शेजारीण नेऊन देई आणि भागूबाई आत एकट्या बसून बाहेरचं हसणं ऐकत. तेवढं मात्र मामांना बघवेना. त्यांनी ठरवलं, चुलीपासून पारापर्यंत रूळ टाकायचा. चहा आगगाडीने जाईल आणि गाडी सोडतील भागूबाई!

हातभर लांबीचं पत्र्याचं इंजिन त्यांनी घरीच केलं होतं. त्यात जुन्या जीपच्या वायपरची मोटार बसवली होती. "घरातली लाइट डायरेक रुळाला जोडू का रं?" त्यांनी विचारलं.

गहिनीनाथ ताडकन उठला. "मामा, कोंबडीपासनं मानसापर्यंत समदी आडवी व्हतील! उघडा रूळ हाय. बारा व्होल्टच पायजे. पन इंजिन मोठं हाय, करंट बी दाबून लागंल. खेळन्यातल्या गाडीचा चार्जर न्हाई पुरायचा." मग त्याने माझ्यावरची धूळ फुंकली. "ह्यो न्या. म्हातारा हाय, पन दमाचा हाय."

काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी मी सायकलच्या कॅरिअरवर बसून नवरदेवाच्या थाटात गेलो.

रुळासाठी मामांनी आधी खोक्यांना बांधायची लोखंडी पट्टी घेतली होती. अंगणातल्या सड्याने ती चार दिवसांत गंजली. मग नगरच्या तांबटाकडून पितळी पट्टी आणली. भागूबाईंनी आतूनच बजावलं, "माजी तुळस हलायची न्हाई, सांगून ठिवते."

"हालवतो कशाला? मोठ्या गाडीला वळन बी मोठंच लागतं," मामा म्हणाले आणि त्यांनी तुळशीला ऐसपैस वळसा घातला. खाली बाभळीचे स्लीपर टाकले. उन्हात रूळ वाढतो म्हणून प्रत्येक जोडावर नखाएवढी फट ठेवली, बाजूंनी दोन पट्ट्या सांधणाऱ्या फिशप्लेटी लावून बोल्ट आवळले. असा देखणा रूळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी सोडली. पहिला जोड तिने ओलांडला, दुसऱ्यावर रेंगाळली आणि तुळशीपाशी थांबली ती थांबलीच. झालं! मामांनी माझ्या डोक्यावर थाड्कन थाप मारली. "दम सरला ह्याचा. रूळ तर माज्या हातचा हाय."

फार लागलं हो मला ते. मी गरम होऊन नुसता घूं घूं करत राहिलो. मला कोपऱ्यात सारून मामांनी शेजारच्या कोंडीरामच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली. गाडी निघाली आणि तुळशीपाशीच थांबली! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मामांनी गहिनीनाथला बोलावून घेतलं. त्याने मला पुन्हा जोडलं आणि एक छोटा बल्ब रुळाला लावून पाहिला. पहिल्या पट्टीवर लख्ख, जोडापलीकडे मंद, तुळशीपाशी अंधार. त्याने एक बोल्ट सोडला, तर बोट काळंकुट्ट.

"मामा, हे काय?"

"ग्रीस. रेल्वेत वर्साला फिशप्लेटी उघडून ग्रीस चोपडत्यात. त्याबिगर रूळ सरकंल का?"

"तिथं इंजिन कोळशावर चालतं, मामा. हितं वीज रुळातनंच जाती. ग्रीसनं तिची वाट आडवली."

मामा पारावर बसले. पस्तीस वर्षांत त्यांच्या रुळात कुणी खोट काढली नव्हती. "उद्या मान्सं येनार," ते म्हणाले, "आन ती पुना आतच बसनार."

तेवढ्यात आतून हाक आली. "अवो, पस्तीस वर्सं तुमच्या कापडाचं ग्रीस मीच काढलंय न्हवं? आना ते पितळ हिकडं!"

भागूबाईंनी चिंच आणि राख घेऊन दिवेलागणीपर्यंत एकेक पट्टी झळझळीत केली. वीज अडू नये म्हणून गहिनीनाथने प्रत्येक जोडावर एका पट्टीपासून दुसरीपर्यंत तार डाख देऊन जोडली. मामांची फट मात्र तशीच ठेवली.

दसऱ्याला सोबती पारावर जमले. माझं बटण चुलीपाशी, भागूबाईंच्या हाताशी होतं. मामांनी हिरवं निशाण दाखवलं आणि भागूबाईंनी बटण फिरवलं. मी जीव ओतला. गाडी जोडांमागून जोड ओलांडत तुळशीला वळसा घालून पारापाशी पोचली. निम्मा चहा वाटेत सांडला होता.

"वैनी, चा पोचला!" बाहेरून आरोळी आली. "आन लई ग्वाड हाय!"

गाडीवरून रिकामा पेला परत आला तेव्हा त्यात आपट्याची दोन पानं होती. मामांनी धाडलेलं सोनं. भागूबाई हसता हसता रडल्या. एक पान त्यांनी कपाळाला लावलं आणि दुसरं माझ्या तापलेल्या डोक्यावर ठेवलं. "तुज्यावर उगा आळ घेतला, बाबा."

मित्रांनो, एखादं यंत्र अडलं तर थाप मारण्याआधी आपलं बोट काळं झालंय का, तेवढं बघा. माझं पान आता वाळलंय. तरी माझी धूळ पुसताना भागूबाई ते उचलतात, फडकं फिरवतात आणि पुन्हा होतं तिथेच ठेवतात.